जुन्या वाहनाने लडाखला जाण्यापूर्वी

तामिळनाडूतील तंजावर आणि कुंभकोणम या शहरांच्या दरम्यान पापनाशम हे गाव वसले आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील या सपाट, भातशेतीच्या भूमीपासून लेह तीन हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. अशा उष्ण व दमट हवेत पंधरा-वीस वर्षे वापरलेले वाहन लडाखला न्यायचे असल्यास नेहमीची सर्व्हिसिंग पुरेशी ठरत नाही. मनाली-लेह मार्गावरील तांगलांग ला ही खिंड ५,३२८ मीटर उंचीवर असून तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे निम्मा असतो. वस्तीपासून दूर वाहन बंद पडल्यास थंडी आणि विरळ हवा यांमुळे प्रवाशांच्या जिवालाही धोका संभवतो.

विरळ हवेचा पहिला परिणाम इंजिनावर होतो. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या मोटारींत हवेच्या तुलनेत पेट्रोल अधिक जाते. परिणामी काळा धूर निघतो आणि शक्ती घटते. मेकॅनिककडून हे मिश्रण कमी करून घेता येते. मात्र खाली उतरल्यावर ते पूर्ववत करणे आवश्यक असते, अन्यथा इंजिन तापते. फ्युएल इंजेक्शनच्या मोटारींत हे प्रमाण आपोआप साधले जाते. तरीही चढावर शक्ती कमी पडतेच.

दक्षिणेत रेडिएटरमध्ये साधे पाणी भरूनही वाहन चालते. लडाखमध्ये रात्री ते गोठल्यास प्रसरण पावून इंजिनाला तडे जाऊ शकतात. म्हणून पाणी काढून टाकून शीतक द्रव भरावा. त्याच वेळी उष्णतेने कडक झालेले रबरी पाइप, फॅनबेल्ट आणि रेडिएटरचे झाकण बदलावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. लांब उतारावर ब्रेक सतत दाबल्यास हे तेल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पेडल दाबूनही वाहन थांबत नाही. दमट प्रदेशातील वाहनात हे तेल संपूर्ण बदलूनच निघावे. उतारावर खालच्या गिअरचा वापर करावा. साचलेल्या पाण्यातून वारंवार गेलेल्या वाहनाच्या चाकांच्या बेअरिंगमधील ग्रीसही तपासून घ्यावे.

थंडीत बॅटरीची क्षमता घटते आणि साधे डिझेल घट्ट होते. याच कारणास्तव इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल उपलब्ध केले. मनालीकडून जाताना तांडी येथे टाकी पूर्ण भरावी, कारण पुढील टप्पा लांबचा आहे. बर्फ वितळून दुपारनंतर ओढ्यांचे पाणी वाढते. ते सकाळीच ओलांडणे हितावह असते.

पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या खासगी वाहनाच्या नोंदणीचे नूतनीकरण झालेले असावे. मार्ग दिल्ली परिसरातून जात असल्यास तेथील जुन्या वाहनांविषयीचे नियम आधी पाहावेत.

दुरुस्तीनंतर लगेच लांबच्या प्रवासाला निघू नये. निलगिरीसारख्या जवळच्या घाटात, पूर्ण सामानासह, दोन दिवस वाहन चालवून पाहावे. नव्याने बसवलेल्या भागांतील गळती किंवा सैल राहिलेला नट तेथेच लक्षात येतो आणि गॅरेजही हाताशी असते. या चाचणीत वाहन वारंवार तापले किंवा ब्रेक सैल वाटला, तर ते घरी ठेवून अन्य साधनाने जाणेच योग्य होय.