लंडन पाहावे कसे?

हल्ली खारदांड्यासारख्या वस्तीतूनही कोणाचा मुलगा, कोणाची लेक लंडनला असते, आणि आईबाप महिनाभर तिकडे जाऊन येतात. परत आल्यावर किल्ला पाहिला, पूल पाहिला, राजवाडा पाहिला, अशी यादी ऐकू येते. त्यात गैर काहीच नाही. पण कोणतीही वास्तू पाहताना दोन प्रश्न मनाशी धरावेत असे आम्हांस वाटते : येथे हुकूम कोणाचा चालला, आणि कष्ट कोणी उपसले?

टॉवर ऑफ लंडनचेच उदाहरण घ्या. अकराव्या शतकात विल्यम राजाने बांधावयास घेतलेला हा किल्ला. आत राजमुकुट आहेत, आपला कोहिनूरही आहे. तो जरूर पाहावा. मग बाहेर येऊन टॉवर हिलवर जरा थांबावे. 1889 साली लंडनच्या गोदी कामगारांच्या सभा येथे भरत. तेव्हा रोज सकाळी गोदीच्या दारात माणसांची झुंबड उडे. मुकादम बोट दाखवील त्याला काम, बाकीचे उपाशी परत. आपल्याकडील बदली कामगाराला ही गोष्ट समजावून सांगावयास नको. तासाला सहा पेन्स मजुरी आणि एकदा घेतले की किमान चार तास काम, या मागण्यांसाठी ऑगस्टमध्ये संप सुरू झाला. ऑस्ट्रेलियातील कामगारांनी व इतर लोकांनी सुमारे 30,000 पौंड पाठविले. पाच आठवड्यांच्या आत संप जिंकला. ही हकीकत राजमुकुटाच्या पेटीत सापडत नाही.

दुसरे ठिकाण चॉक फार्म स्टेशनजवळ, 10 किंग हेन्रीज रोड. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1916 साली प्रथम लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 साली अभ्यास अर्धा टाकून परतले. मुंबईत प्राध्यापकी करून पैसे साठविले, शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले, आणि 1920 साली ते पुन्हा गेले. 1921-22 मध्ये ते या घरात राहत होते. हेच विद्यार्थी 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. 1946 च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आले, त्यामागे त्यांचे श्रम आहेत. घड्याळ पाहून घरी निघणाऱ्या प्रत्येक कामगाराचे या घराशी नाते आहे.

हे घर 2015 साली महाराष्ट्र सरकारने विकत घेऊन तेथे स्मारक केले. परंतु राहत्या घराची जागा कमी होते म्हणून 2018 मध्ये तेथील कॅम्डन नगरपालिकेने संग्रहालयाला परवानगी नाकारली. अपील झाले, 2019 मध्ये चौकशी झाली, आणि मार्च 2020 मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. स्मारक म्हणजे नुसती पाटी नव्हे. मागे उभे राहणारे लोक नसतील तर ते टिकत नाही.

मग जो लंडनला जाणार आहे त्याने आधी परळच्या बी. आय. टी. चाळीचा जिना चढावा. विलायतेहून पदव्या घेऊन आल्यावरही बाबासाहेब त्याच चाळीत राहिले. आणि जो लंडनला जाणार नाही, त्याने आपल्या दांड्यातील वृद्ध कोळी-कोळणींजवळ बसून होड्यांच्या, जाळ्यांच्या, बाजाराच्या हकीकती आजच वहीत उतरवून घ्याव्यात. राजांचा इतिहास लिहावयास पगारी माणसे होती; आपला आपल्यालाच लिहावा लागतो.