मालक बाकावर बसतात

हॅमट्रॅमिक (मिशिगन): गावाकडून, दौंडहून फोन आला की प्रश्न ठरलेले. तिकडचा फुटबॉल म्हणजे चेंडू काखोटीला मारून पळायचा तोच ना? आणि तिकडच्या क्लबांना पैशाला काय तोटा? पहिल्याचं उत्तर देता येतं. दुसऱ्यासाठी माणसाला कीवर्थ स्टेडियममध्येच आणून बसवायला हवं.

हॅमट्रॅमिक हे जवळजवळ चहूबाजूंनी डेट्रॉइटने वेढलेलं, 28 हजार वस्तीचं गाव. पूर्वी पोलिश लोकांचं, आता येमेनी आणि बांगलादेशींचं. इथलं स्टेडियम महामंदीत सरकारी रोजगार योजनेतून उभं राहिलं. 1936 मध्ये खुद्द अध्यक्ष रूझवेल्ट उद्घाटनाला आले होते. पुढे त्याची रया गेली. 2016 मध्ये तिथे राहायला आला डेट्रॉइट सिटी एफसी. गल्लीबोळांच्या हौशी लीगमधून पाच मित्रांनी 2012 मध्ये काढलेला हा क्लब तोवर एका शाळेच्या मैदानावर खेळायचा. मग दुरुस्तीला पैसे कोण देणार? प्रेक्षकांनी दिले, सात लाख डॉलरहून जास्त. देणगी नव्हे, चक्क कर्ज!

हे ऐकून माझ्यातला कार्यकर्ता कासावीस झाला. दौंडात एका मंडळाच्या कबड्डी स्पर्धेसाठी पावतीपुस्तक घेऊन मीही दारोदार फिरलोय. पावतीवर नेत्याचा फोटो तळहाताएवढा, रक्कम लिहायला बोटभर जागा. हिशेब मागितला की उत्तर यायचं, ‘तुझे किती होते ते घेऊन जा.’ स्पर्धा मात्र झोकात! दिवसरात्र सामने, गुलाल, हलगी. खेळाडू अंग गरम करून तयार, आणि स्टेजवर सत्कार चाललेले. नारळ, शाल, नारळ, शाल. तेवढ्यात कुणी आमदार येतात म्हटल्यावर चालू चढाई थांबते. कीवर्थवर ढोल आहेत, रंगीत धूर आहे, पाहुण्या गोलकीपरला कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील-खंडोबा या तालमींच्या सामन्यात शोभतील अशा शिव्या आहेत. सत्कार तेवढे नाहीत. मला चुकल्याचुकल्यासारखं होतं, हेही खरं.

पण यांचंही एक डोक्यात जातं. 2022 च्या यूएस ओपन कपमध्ये या क्लबने वरच्या लीगमधल्या कोलंबस क्रूला 2-1 असं हरवलं. गाव नाचलं आणि क्लब दुसऱ्या पायरीवर होता तिथेच राहिला. त्या वरच्या, म्हणजे मेजर लीगमध्ये जिंकून जाता येत नाही, जागा विकत घ्यावी लागते. सॅन दिएगोने तिच्यासाठी 50 कोटी डॉलर मोजले. आपल्याकडे निदान पंजाब एफसी 2023 मध्ये आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये गेला. मी हे इथे अभिमानाने सांगतो. पुणेरी पलटण कितीही हरली तरी प्रो कबड्डीतून खाली जात नाही, हे मात्र सांगत नाही.

2020 मध्ये क्लबने सुमारे दहा टक्के हिस्सा चाहत्यांना विकला. माझ्या शेजारी बसणाऱ्या सिल्हेटच्या चाचांनीही थोडा घेतलाय. डावा बचावपटू चुकला की ते उभे राहून ओरडतात, ‘मालक सांगतोय, याला बाहेर काढा!’ प्रशिक्षक ढिम्म. दौंडात चाचांना पहिल्याच सामन्यात स्टेजवर बोलावून शाल घातली असती. मग ते कशाला ओरडतात!