मोटार जॅकवर चढवण्यापूर्वी

मंगरूळपीर, मानोरा, रिसोड, कुठल्याही वस्तीत जा, दोन-चार घरांपुढे सेकंडहँड मारुती, वॅगन आर किंवा ईको उभी दिसते. कुणी तिच्यातून शाळेच्या मुलांची ने-आण करतो, कुणी लग्नाच्या अन् दवाखान्याच्या भाड्याला जातो. गाडीवर कर्ज असते आणि गाडीवरच घर चालते. त्यामुळे चाक पंक्चर झाले किंवा ब्रेकचे लायनर बघायचे झाले की गॅरेजचे पैसे वाचवण्यासाठी मालक अंगणातच जॅक लावतो. त्यात गैर काही नाही. मात्र जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे, एवढे ध्यानात घेऊनच पान्याला हात घालावा.

लहान मोटारीचे वजनही सात-आठ क्विंटलच्या घरात असते. एक चाक उचलताना त्यातले दोन क्विंटलच्या आसपास वजन तळहाताएवढ्या जॅकच्या पायावर येते. सोयाबीनची दोन-तीन पोती एका खुंटीवर तोलून धरल्यासारखाच हा प्रकार आहे.

आपल्या वाशीम जिल्ह्यात पहिला दगा देते ती जमीन. पैनगंगेच्या, अडाणच्या काठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. वरून टणक दिसणाऱ्या अंगणातही जॅकचा पाय हळूहळू एका बाजूने रुततो, जॅक तिरपा होतो आणि गाडी घसरते. मे महिन्याच्या दुपारी डांबरी रस्ताही मऊ पडलेला असतो. म्हणून एक फूट लांब, एक फूट रुंद आणि दोन इंच जाड अशी बाभळीची किंवा सागाची फळी गाडीत कायम ठेवावी आणि जॅक तिच्यावर ठेवावा. सुताराकडच्या उरलेल्या तुकड्यातही हे काम भागते. पावसाळ्यात मात्र फळीवरही विसंबू नये, गाडी सिमेंटच्या किंवा मुरूम दाबलेल्या सपाट जागी न्यावी. उतारावर तर जॅक लावूच नये.

गाडी गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला, आता ती हलणार नाही, असे पुष्कळांना वाटते. इथेच फसगत होते. ऑल्टो, वॅगन आर या गाड्यांत इंजिन पुढची चाके फिरवते आणि हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. पुढचे एक चाक हवेत गेले की गिअरची पकड संपली, कारण हवेतले चाक मोकळे फिरते. मागचे चाक उचलले तर हँडब्रेकची पकड जमिनीवर टेकलेल्या एकाच चाकावर उरते. ईकोत गिअर आणि हँडब्रेक दोन्ही मागच्याच चाकांना धरतात, तेव्हा तिचे मागचे चाक उचलताना तर दुप्पट सावध असावे. उपाय फुकटचा आहे. जे चाक उचलायचे त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला पुढून आणि मागून, दोन्हीकडून मोठे दगड घट्ट लावावेत. गाडीतली माणसे खाली उतरवावीत, लहान मुलांना लांब बसवावे.

आता जॅक कुठे लावायचा? दाराखालच्या पत्र्याच्या दुमडलेल्या काठावर, पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे, बहुतेक गाड्यांत दोन-दोन खाचा असतात. त्या दोन खाचांच्या मधला भाग जाड केलेला असतो. जॅकच्या डोक्यावरची खोबण तिथेच बसली पाहिजे. गाडीबरोबरच्या पुस्तिकेत चित्र असते, ते एकदा पाहून घ्यावे. तळाच्या साध्या पत्र्याला किंवा ऑइल चेंबरला जॅक लावणे म्हणजे पंक्चरचे थोडके पैसे वाचवून हजारोंचा खड्डा पाडून घेणे होय. चेंबरला तडा गेला की तेल गळते आणि तेलावाचून इंजिन जाम होते. जुन्या गाडीत तो काठ आतून गंजलेला असतो, वरून रंग मात्र झकास. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावे. आवाज भुसभुशीत आला, पापुद्रे गळाले तर तिथे जॅक लावू नये, गाडी गॅरेजलाच दाखवावी.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत. गाडी वर गेल्यावर पान्यावर पाय देऊन जोर लावला की ती जॅकवरून निसटते. उचलताना स्टेपनी बसेल एवढेच उचलावे, पण हवा भरलेल्या चाकाला बसलेल्या चाकापेक्षा जास्त जागा लागते हे विसरू नये. स्टेपनी हा शब्दही गमतीदार आहे! १९०४ च्या सुमारास वेल्समधल्या लॅनेली गावात जादा चाक तयार झाले आणि तिथल्या स्टेपनी स्ट्रीटचे नाव त्याला चिकटले. काढलेले चाक दूर भिंतीला टेकवून न ठेवता गाडीच्या काठाखाली आडवे सरकवावे. जॅक निसटलाच तर गाडी चाकावर अडते, हात-पाय वाचतो. नट समोरासमोरचे, आळीपाळीने आवळावेत आणि गाडी खाली आल्यावर शेवटचा जोर द्यावा. चाळीस-पन्नास किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा पाना लावून पाहावा.

चाक बदलणे वेगळे आणि गाडीखाली शिरणे वेगळे. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोके किंवा छाती कधीही न्यायची नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. हायड्रॉलिक जॅक तेलाच्या दाबावर उभा असतो. आतले वायसर झिजलेले असले तर तो न सांगता बसतो. त्याला आधार म्हणून काही जण विटा रचतात. वीट वजन झेलते तोवर झेलते, मग एकदम फुटते. सिमेंटच्या ठोकळ्यांचेही तेच. खाली शिरायचेच असेल तर लोखंडी स्टँडची जोडी हवी. ती महाग वाटत असेल तर वस्तीतल्या चार-पाच गाडीवाल्यांनी वर्गणी काढून एक जोडी घ्यावी. स्टँडवर गाडी टेकवल्यावर बाजूने हाताने ढकलून पाहावे, ती डगमगली तर स्टँड पुन्हा नीट बसवावेत.

एकट्याने हे काम करू नये. घरातली बाई किंवा मोठी मुलगी जवळ उभी असावी आणि जॅक कसा फिरवायचा हे तिलाही आधी शिकवून ठेवावे.