ठाणे ते सोलापूर : खिडकीतला भूगोल

आपली मुले भूगोलाच्या पुस्तकातील जगाचे वनस्पतीपट्टे घोकतात आणि परीक्षा संपली की विसरतात. परंतु यातील काही प्रकार सोलापूरकडे गावी जाताना गाडीच्या खिडकीतूनच दाखवता येतात. आम्ही घरच्या मुलांना ते दाखवू लागलो, तेव्हा आमचाही अभ्यास झाला.

ठाणे सोडले की कळव्याच्या पुलावर खाडी लागते. चिखलात उभी आहेत ती तिवरे. खाऱ्या पाण्यात इतर झाडे तगत नाहीत. तिवर मात्र पानांवाटे मीठ बाहेर टाकते आणि चिखलातून वर आलेल्या मुळ्यांनी श्वास घेते. मागे येऊरचा डोंगर राहतो. तिथे साग, ऐन, पळस, सावर. ठाण्यात पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, पण तो चारच महिने. पुढच्या कोरड्या दिवसांत ही झाडे पाने गाळून पाणी वाचवतात. हे पानझडी वन.

कर्जतनंतर गाडी घाट चढते. लोणावळ्याला पाऊस चार हजारांच्या वर. म्हणून तिथल्या दऱ्यांत जांभूळ, अंजनी बाराही महिने हिरवी. घाट ओलांडेपर्यंत ढग रिते झालेले असतात. दौंडकडे पाऊस जेमतेम पाचशेच्या आसपास. तिथून पुढे गवताळ माळ, त्यात बोर, हिवर, बाभूळ. बारीक पाने ही पाणी राखण्याची युक्ती.

जगाचा नियमही हाच : पाऊस आणि तापमान जसे, तशी झाडे. वर्षभर पाऊस आणि ऊब, म्हणून ॲमेझॉनचे सदाहरित अरण्य. आपल्या माळासारखा आफ्रिकेचा सॅव्हाना. वर्षाला अडीचशे मिलिमीटरहून कमी पाऊस तिथे वाळवंट. रशिया-कॅनडात सुईसारख्या पानांची झाडे, त्यांच्यावरून बर्फ घसरून पडतो. त्याहून उत्तरेला टुंड्रा. जमीन खाली कायम गोठलेली, म्हणून मोठे झाड नाही, फक्त शेवाळ, दगडफूल, खुरटी झुडपे.

आता मुद्द्याचे. माळाला आपण 'पडीक' म्हणतो आणि खाडीला 'घाण'. एकावर सरसकट झाडे लावतो, दुसरीत राडारोडा टाकतो. दोन्ही चूक. नान्नजच्या माळावर माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले; त्याला दाट झाडी नको, मोकळे गवतच हवे. तिवरे भरतीच्या लाटांचा जोर मोडतात, मासळीची पिल्ले वाढवतात. ती तुटली तर पहिले पाणी खाडीकाठच्या चाळींत, म्हणजे आपल्याच दारात येईल. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले की तिवरांचा नाश हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे. २०२२ मध्ये ठाणे खाडीला 'रामसर' हा आंतरराष्ट्रीय पाणथळ दर्जाही मिळाला.

तेव्हा पालकांनो, पुढच्या वेळी गावी निघताना मुलांना खिडकीशी बसवा, हातात वही द्या. आणि खाडीत राडारोड्याचा डंपर रिकामा होताना दिसला, तर वस्तीतल्या चार जणांनी मिळून तक्रार लिहा.