छत्तीस सेकंदांचा प्रश्न

डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने शिक्षक भरतीसाठी पहिली अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी घेतली. माझी भाची तिला बसली होती. डी.एड. झालेली, पनवेलजवळच्या शाळेत तासावर शिकवणारी. परतल्यावर म्हणाली, “मामा, एकतीस प्रश्न कोरे राहिले. चुकीचे लिहिण्यापेक्षा सोडलेले बरे, असे वाटले.” या चाचणीत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, हे माहितीपत्रकात मी नंतर वाचले. पुढची चाचणी थेट २०२३ मध्ये झाली. न वाचलेल्या एका ओळीची किंमत किती असते, ते मला तेव्हा कळले. त्या खंतीतूनच मी या विषयाच्या मागे लागलो.

आधी शब्द नीट समजून घेऊ. शिकून झालेले किती येते, हे मोजते ती ज्ञानकसोटी. पुढे एखादी गोष्ट किती सहज शिकता येईल, याचा अंदाज घेते ती अभियोग्यता चाचणी. ‘कल’ म्हणजे आवड, ती निराळी. गाण्याची आवड असणाऱ्याला स्वरज्ञान असतेच असे नाही.

या मोजमापाचे मूळ पॅरिसमध्ये सापडते. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी १९०५ मध्ये पहिली बुद्धिमापन श्रेणी तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या कोणत्या मुलांना वेगळी मदत हवी, हे ओळखणे हा तिचा हेतू होता. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती कन्नड आणि मराठी मुलांसाठी बेतली. त्यांचा ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन’ हा ग्रंथ १९४० चा. नुसते भाषांतर पुरत नाही, कारण मुलाने कधी न पाहिलेल्या वस्तूवरचा प्रश्न बुद्धी मोजत नाही, ओळख मोजतो.

ही ‘ओळख’ आजच्या चाचणीतही दडलेली आहे. शिक्षकांच्या या चाचणीत २०० प्रश्न असतात : १२० अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. वेळ १२० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. २, ६, १२, २०, ३० यांपुढे काय? फरक ४, ६, ८, १० असे वाढतात, म्हणून पुढचा फरक १२ आणि उत्तर ४२. किंवा १×२, २×३, ३×४ असे पाहिले तरी ६×७ म्हणजे ४२च. ज्याने अशी मालिका आधी सोडवली आहे, त्याला दहा सेकंद लागतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला दोन मिनिटे. दोघांची बुद्धी सारखी असली तरी गुण सारखे पडत नाहीत.

म्हणून तयारी म्हणजे बुद्धी वाढवणे नव्हे, अनोळखीपणा घालवणे. त्यासाठी मी भाचीला तीन रकान्यांची वही करायला लावली : ‘समजले नाही’, ‘घाईत चुकले’, ‘पोचलेच नाही’. पहिल्यावर उपाय अभ्यास, दुसऱ्यावर प्रश्न पुन्हा वाचण्याची सवय, तिसऱ्यावर घड्याळ. पहिल्या फेरीत सोपे उरकायचे, अडलेल्याला खूण करून पुढे जायचे, दुसऱ्या फेरीत परतायचे. गुण वजा होत नसतील तर शेवटी एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही; होत असतील तर निदान एखादा पर्याय खात्रीने बाद करता आल्याशिवाय अंदाज करायचा नाही. आणि सगळ्यात आधी माहितीपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे.

२०२३ च्या चाचणीत तिचा एकही प्रश्न कोरा राहिला नाही. गुण वाढले, पण निवड यादीत नाव आले नाही. ती अजून तासावरच शिकवते. शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या सराव उत्तरपत्रिका तपासताना ती चुकलेल्या आणि न पोचलेल्या प्रश्नांना निरनिराळ्या खुणा करते. “मामा, दोन्हींना शून्यच मिळते,” ती म्हणते, “पण दोन्ही पोरं सारखी नसतात.”