अपवाद हाताळणी, संगणकीय

आज्ञावली चालू असताना तिच्या नेहमीच्या क्रमात खंड पाडणारी जी परिस्थिती उद्भवते, तिला अपवाद म्हणतात. या परिस्थितीला तोंड देण्यासाठी आज्ञावलीतच केलेली तरतूद म्हणजे अपवाद हाताळणी होय. वाक्यरचनेतील चूक आज्ञावली चालण्यापूर्वीच लक्षात येते. अपवाद मात्र पुरविलेल्या माहितीवर व भोवतालच्या स्थितीवर अवलंबून असल्याने प्रत्यक्ष चालविल्यावरच प्रकट होतो. अशी तरतूद पीएल/वन या भाषेत १९६०–७० या दशकातच होती. पुढे क्लू व अ‍ॅडा या भाषांत ती अधिक शिस्तबद्ध झाली.

नवशिक्यांना आज बहुधा प्रथम शिकविली जाणारी पायथॉन ही भाषा (१९९१) उदाहरणादाखल घेता येईल. एकूण गुण व विषयांची संख्या विचारून सरासरी काढणाऱ्या आज्ञावलीत संख्येच्या जागी ‘पाच’ हा शब्द दिल्यास ‘व्हॅल्यू एरर’ उद्भवते (देवनागरी अंक ‘५’ मात्र ही भाषा बिनतक्रार स्वीकारते), तर शून्य दिल्यास ‘झिरो डिव्हिजन एरर’. धोक्याची विधाने ‘ट्राय’ या खंडात व उपाय ‘एक्सेप्ट’ या खंडात लिहितात. ‘काहीतरी चुकले’ एवढेच दर्शवून सर्व अपवाद एकाच खंडात गिळून टाकण्याची सवय नवशिक्यांत फार आढळते. ती घातक आहे, कारण चलाच्या नावातील साधी चूकही मग वापरणाऱ्याच्या माथी मारली जाते. केवळ संदेश छापणेही पुरेसे नाही. कोशरचनेत ‘पुणे’ ही नोंद न सापडल्यास संदेश म्हणून फक्त ‘पुणे’ हा शब्द उमटतो. ‘की एरर’ हे प्रकारनाम सोबत छापले, तरच त्याचा उलगडा होतो. काही अपवादांचा संदेश तर रिकामाच असतो. म्हणून प्रकारनाम व संदेश ही दोन्ही दर्शवावीत. अपवादांचे प्रकार वंशावळीप्रमाणे रचलेले असल्याने विशिष्ट प्रकाराचा खंड सामान्य प्रकाराच्या आधी लिहावा लागतो. एरवी तो कधीच अमलात येत नाही.

प्रकारभेद न केल्याचे परिणाम नेहमीच किरकोळ नसतात. एरियान-५ या यूरोपीय अग्निबाणाच्या ४ जून १९९६ रोजीच्या पहिल्याच उड्डाणात ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात न मावल्याने अपवाद उद्भवला. तो हाताळण्याची तरतूद त्या विधानापाशी नव्हती. कोणताही अपवाद म्हणजे यंत्रसामग्रीतील बिघाड, असे गृहीत धरून दिशादर्शक संगणक बंद पडेल अशी योजना होती. राखीव संगणकातही तीच आज्ञावली असल्याने तोही त्याच कारणाने आधीच बंद पडला होता. बंद पडताना पाठविलेली दोषनिदानाची माहिती मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वापरली व प्रक्षेपणानंतर सु. ४० सेकंदांत अग्निबाण नष्ट झाला.