खाणीच्या पाण्यावर हिराकसाची मात्रा

ओदिशाच्या जाजपूर जिल्ह्यातील सुकिंदा खोऱ्यात देशातील क्रोमाइट खनिजाचा बहुतांश साठा आहे. तेथील उघड्या खाणींत साचणाऱ्या पाण्यात सहा संयुजेचे क्रोमियम हे कर्करोगकारक द्रव्य उतरते. २००७ साली ब्लॅकस्मिथ इन्स्टिट्यूट या अमेरिकी संस्थेने जगातील दहा अतिप्रदूषित स्थळांत सुकिंदाचा समावेश केला होता.

हे द्रव्य पूर्णपणे विरघळलेले असल्याने पाणी कितीही निवळू दिले वा वाळूतून गाळले, तरी ते वेगळे होत नाही. म्हणून पाणी दमसाला नाल्यात सोडण्यापूर्वी त्यात हिराकस, म्हणजेच फेरस सल्फेट, मिसळले जाते. त्यातील लोहाकडून इलेक्ट्रॉन मिळताच क्रोमियमची संयुजा तीनवर येते, त्याची विषारी तीव्रता बरीच घटते आणि ते लोहासह गाळ होऊन तळाशी बसते. एक ग्रॅम क्रोमियमसाठी किमान १६ ग्रॅम हिराकस लागतो. मात्रा कमी पडल्यास विष पाण्यातच राहते, आणि पावसाळ्यात लोंढा वाढला की हीच मात्रा सांभाळणे अवघड होते. सोडलेल्या पाण्यात सहा संयुजेचे क्रोमियम लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असा नियम आहे.

उरलेल्या गाळात क्रोमियम तसेच असते. त्यामुळे धोकादायक कचरा म्हणून तो अस्तर घातलेल्या सुरक्षित भरावातच टाकावा लागतो.